वाचकांचे प्रश्न : तळपायाच्या नकाशावर किती विसंबावे?

तळपायावरील ठरावीक जागी अंगठ्याने दाब देऊन शरीराच्या इतर अवयवांवर परिणाम साधता येतो, असे रिफ्लेक्सॉलॉजी ही पद्धत मानते. तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : पाय दुखतात म्हणून मी रिफ्लेक्सॉलॉजीच्या थेरपिस्टकडे जाऊ लागले. त्यांनी उजव्या तळव्याचा मधला भाग दाबताच मला जोराची कळ आली आणि त्यावरून ‘तुमचे यकृत कमजोर आहे’ असे त्यांनी सांगितले. अंगठ्याखाली बारीक खडे लागतात, ते साठलेले क्षार आहेत, असेही त्या म्हणाल्या. मला कधी कावीळ झालेली नाही. आता यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात का?

उत्तर : केवळ तळव्यात कळ आली म्हणून यकृताच्या तपासण्या करण्याची गरज नाही. रिफ्लेक्सॉलॉजीच्या तक्त्यात दोन्ही तळव्यांवर मिळून संपूर्ण शरीर मांडलेले असते. पायाच्या अंगठ्यात डोके, आतल्या कडेने कणा, चवड्याच्या भागात फुप्फुसे, उजव्या तळव्यावर चवड्याच्या खाली यकृत आणि टाचेकडे ओटीपोटाचा भाग, अशी ती साधारण रचना आहे. परंतु शरीररचनाशास्त्रात या मांडणीला आधार सापडत नाही. तळव्याची संवेदना पोटरीतून वर जाणाऱ्या मज्जातंतूमार्गे मांडीमागच्या मोठ्या सायाटिक मज्जातंतूत जाते आणि तेथून मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडील भागात पोहोचते, तर यकृताचे मज्जातंतू निराळ्या वाटेने येतात. तळव्यावरच्या एका विशिष्ट बिंदूला यकृताशी जोडणारी कोणतीही वाट आजवर दाखवता आलेली नाही.

तळवा पाहून निदान करता येते का, याची थेट परीक्षाही झालेली आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 प्रौढ व्यक्तींचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टनी स्वतंत्रपणे तपासले. या व्यक्तींना ठरवून दिलेल्या सहा विकारांपैकी एक वा अधिक विकार होते, मात्र कोणाला काय आहे हे तपासणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. दोघांच्या निष्कर्षांचा एकमेकांशी मेळ बसला नाही आणि निदानाची पद्धत म्हणून रिफ्लेक्सॉलॉजी ग्राह्य ठरेल असेही काही आढळले नाही.

मग कळ का आली, असे आपण विचाराल. पायात 26 हाडे असतात, आणि तळव्याच्या मध्यभागी टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड तंतुमय पट्टा, लहान स्नायूंचे थर आणि मज्जातंतूंच्या शाखा असतात. सतत उभे राहणे, कडक वा झिजलेली पादत्राणे, वाढलेले वजन यांपैकी कोणत्याही कारणाने हा भाग दुखरा होतो, आणि दुखऱ्या जागी जोराने दाबले की कळ येणारच. अंगठ्याखाली लागणारे ‘खडे’ हे बहुधा कंडरांचे किंवा चरबीच्या गादीचे गुठळीसारखे लागणारे भाग असतात. गाउटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक साठतात हे खरे आहे, परंतु ते प्रामुख्याने सांध्यांत साठतात आणि अंगठ्याने रगडून विरघळत नाहीत.

सकाळी उठून पहिली पावले टाकताना टाचेत कळ येत असेल आणि थोडे चालल्यावर ती कमी होत असेल, तर ते या तंतुमय पट्ट्याचे दुखणे असण्याची शक्यता बरीच आहे. पोटरीचे व तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम आणि टाचेला आधार देणारी पादत्राणे यांनी बहुतेकांचे हे दुखणे काही महिन्यांत ओसरते. भूक मंदावणे, डोळे वा लघवी पिवळी होणे, अकारण वजन उतरणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे अवश्य जावे, पण मग तळव्याने काही सांगण्याची वाट पाहू नये. अशा निदानातला मला अधिक गंभीर वाटणारा धोका उलट बाजूचा आहे : ‘तुमच्या हृदयाचा बिंदू उत्तम आहे’ हे ऐकून छातीत दुखण्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस विनाकारण रक्ततपासणी करून घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक गमावू शकतो.

प्रश्न : ही पद्धत पाच हजार वर्षे जुनी आहे असे एका माहितीपत्रकात वाचले. अॅक्युप्रेशर आणि रिफ्लेक्सॉलॉजी एकच आहेत का?

उत्तर : एकच नाहीत. अॅक्युप्रेशरचा पाया चिनी वैद्यकातील ऊर्जावाहिन्यांची कल्पना हा आहे आणि तिचे बिंदू सर्वांगावर पसरलेले आहेत. आज ज्या स्वरूपात रिफ्लेक्सॉलॉजी शिकवली जाते ती मात्र विसाव्या शतकातील अमेरिकेत आकाराला आली. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीर डोक्यापासून पायापर्यंत दहा उभ्या पट्ट्यांत विभागले आणि एका पट्ट्यातील एका जागी दिलेला दाब त्याच पट्ट्यातील दुसऱ्या जागेची वेदना कमी करतो असे मांडले. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक 1917 साली निघाले. गंमत अशी की फिट्झजेराल्ड यांच्या पद्धतीत हातांच्या बोटांना रबरबँड व चिमटे लावण्यावर बराच भर होता, तळपायाला आजचे अग्रस्थान तेव्हा नव्हते. ते मिळवून दिले युनिस इंगहॅम यांनी. 1930 च्या दशकात त्यांनी तळव्यावरील जागा आणि अवयव यांच्या जोड्या लावून नकाशा तयार केला आणि 1938 साली तो पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवला.

प्राचीनतेचा दावा मुख्यतः इजिप्तमधील सक्कारा येथील अंखमाहोर याच्या थडग्यातील एका भिंतिशिल्पावर उभा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 2300 च्या या शिल्पात काही माणसे इतरांचे हात-पाय हाताळताना दिसतात. ते नखांची निगा राखत आहेत, दुखण्यावर उपचार करत आहेत की केवळ पाय चोळत आहेत, याविषयी एकमत नाही, आणि तळव्यावर अवयवांचा नकाशा मानला जात होता असे तर त्यात काहीच नाही. शिवाय, पद्धत जुनी ठरली तरी तिचा गुण सिद्ध होत नाही, कारण रक्त काढून ताप उतरवण्याची पद्धतही शतकानुशतके चालत आली होती.

प्रश्न : मी विज्ञानाचा शिक्षक आहे. अवयवांच्या नकाशावर माझा विश्वास नाही, तरी पत्नीच्या आग्रहाने काही वेळा गेलो आणि त्या रात्री गाढ झोप लागली. मानेचे दुखणेही हलके वाटले. हा निव्वळ मनाचा खेळ समजायचा का?

उत्तर : आपल्याला लागलेली झोप खरी आहे, तिला मनाचा खेळ म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न फक्त एवढाच उरतो की तिचे श्रेय नकाशाला द्यायचे की नकाशाशिवाय तेथे घडलेल्या इतर गोष्टींना.

त्या गोष्टी कमी नाहीत. अर्धा ते एक तास आपण आडवे पडता, फोन बाजूला असतो, प्रकाश मंद असतो आणि दुसरी एक व्यक्ती सर्व लक्ष आपल्यावर ठेवून न घाईने, एका लयीत आपल्या पायांना स्पर्श करत असते. एवढ्याने श्वास संथ होतो, नाडी काहीशी उतरते आणि स्नायूंचा ताण सैल होतो. मानेचे दुखणे ज्यांच्यात तणावाने वाढते त्यांना त्यातून उतार पडणे स्वाभाविक आहे. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते : चढउतार असलेल्या दुखण्यात माणूस उपचाराला जातो ते दुखणे शिगेला पोहोचलेले असताना, त्यामुळे त्यानंतर ते काहीही न करता थोडे उतरणारच असते, आणि उतरले की श्रेय शेवटी केलेल्या उपचाराला मिळते.

या सर्वांतून नकाशाचा वाटा वेगळा काढायचा तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडावे लागतात, एका गटाला तक्त्याप्रमाणे दाब द्यावा लागतो आणि दुसऱ्या गटाचे पाय तितकाच वेळ, तितक्याच आपुलकीने, पण तक्ता बाजूला ठेवून चोळावे लागतात. डेन्मार्कमध्ये दम्याच्या 40 रुग्णांवर दहा आठवडे असा प्रयोग झाला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात खऱ्या रिफ्लेक्सॉलॉजीचा नकली रिफ्लेक्सॉलॉजीहून वेगळा असा परिणाम दिसला नाही. ब्रिटनमधील एक्सेटर येथील संशोधक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी 2009 साली अशा 18 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि कोणत्याही आजारावरचा उपचार म्हणून रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचे उपलब्ध पुरावा पटण्याजोगे दाखवत नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने करून घेतलेल्या नैसर्गिक उपचारपद्धतींच्या आढाव्यातही 2015 साली असेच आढळले, आणि 1 एप्रिल 2019 पासून तेथील खासगी आरोग्यविम्यातून मिळणारी रिफ्लेक्सॉलॉजीची भरपाई बंद झाली.

या पद्धतीच्या समर्थकांचा एक आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. पाय चोळण्याची ‘नकली’ आवृत्ती तयार करणे अवघड आहे, कारण चोळणे कसेही असले तरी ते सुखद असतेच; औषधाच्या चाचणीत देतात तशी निष्क्रिय गोळी येथे नाही. त्यामुळे दोन्ही गटांना बरे वाटले तर ‘रिफ्लेक्सॉलॉजीने काहीच होत नाही’ असे म्हणता येत नाही. दोन्हींत समान असलेल्या गोष्टींनी बरे वाटले, एवढे म्हणता येते. पण या आक्षेपाने नकाशाला बळ मिळत नाही, उलट त्याच्यावाचूनही काम भागते हेच दिसते. तेव्हा आपण झोपेसाठी आणि विसाव्यासाठी जरूर जावे, विश्वास ठेवण्याची अट कोणी घातलेली नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायांना मुंग्या येतात आणि रात्री आग होते. नियमित रिफ्लेक्सॉलॉजीने नसा मोकळ्या होतात आणि साखरही उतरते, असे एका परिचितांनी सांगितले. त्यांनी लाकडी काठीही आणून दिली आहे.

उत्तर : ती काठी कृपा करून वापरू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाल्याची असू शकतात, आणि अशा पायात एकीकडे आग होत असताना दुसरीकडे बोचणे, भाजणे, घासणे यांची जाणीव कमी झालेली असते. लाकडी काठीने वा टोकदार रोलरने दिलेला जास्तीचा दाब वडिलांना कळणारच नाही, आणि त्याखाली कातडीला झालेली बारीकशी इजा काही दिवसांनी जखम होऊन समोर येईल. रक्तपुरवठाही मंदावलेला असेल तर ती जखम भरत नाही, चिघळते, आणि पाय वा बोट कापावे लागण्यापर्यंतची वाट अशाच क्षुल्लक जखमेपासून सुरू होते. दाबाने साखर उतरते या म्हणण्यावर विसंबून औषधाची मात्रा कमी करणे तर त्याहून धोक्याचे आहे.

सर्वांत आधी त्यांच्या पायांची रीतसर तपासणी करून घ्या. डॉक्टर तळव्याच्या ठरावीक जागी 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहतात, ट्यूनिंग फोर्कने कंपनाची जाणीव पाहतात आणि पाऊल व घोट्याजवळची नाडी चाचपतात. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची अशी तपासणी वर्षातून किमान एकदा व्हायला हवी. वडील अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेत असतील तर रक्तातील बी-12 जीवनसत्त्व मोजण्याविषयी विचारा, कारण या औषधाने ते कमी होऊ शकते आणि त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. रात्रीच्या आगीवर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत, ती निमूट सोसत बसण्याची गरज नाही.

तपासणीत संवेदना आणि रक्तपुरवठा ठीक आढळला आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तळहाताने हलकेच पाय चोळायला अडचण नाही. कातडी मऊ ठेवणारे मलम लावा, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तेथे ओल राहून बुरशी होते. पाय गरम पाण्यात बुडवण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घरातील दुसऱ्या कोणी घ्यावा, वडिलांनी स्वतःच्या पायाने घेऊ नये.

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे आणि संध्याकाळी घोटे सुजतात. रिफ्लेक्सॉलॉजीने सूज उतरेल का? काही बिंदू दाबल्यास वेळेआधी कळा सुरू होतात, हे खरे आहे का?

उत्तर : नेमक्या याच सुजेवर 55 गर्भवतींचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यात रिफ्लेक्सॉलॉजीच्या दोन पद्धतींची तुलना नुसत्या विश्रांतीशी केली होती. घोट्याच्या घेरात गटागटांमध्ये ठोस म्हणावा असा फरक पडला नाही, परंतु पाय चोळून घेणे स्त्रियांना आवडले. आपणही तेवढीच अपेक्षा ठेवावी. तळव्याचा एखादा बिंदू दाबून कळा सुरू होतात, याला भरवशाचा पुरावा नाही. तरीही अनेक थेरपिस्ट पहिल्या तीन महिन्यांत उपचार टाळतात, ते खबरदारी म्हणून. आपल्या बाबतीत उताणे सपाट झोपून राहणे टाळावे, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून घेरी येऊ शकते. पाठीला उशांचा टेकू घ्यावा किंवा डाव्या कुशीवर वळावे.

मात्र प्रत्येक सूज साधी नसते. चेहरा व हात एकाएकी सुजले, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे चमकल्यासारखे झाले किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तदाब व लघवी तपासून घ्या. एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल आणि हाताला गरम लागत असेल, तर त्या पायाला कोणालाही हात लावू देऊ नका. गरोदरपणात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे आणि केमोथेरपी चालू आहे. पाय दाबले की तिला बरे वाटते, पण चोळण्याने कर्करोग पसरतो असे कोणी म्हणाले आणि आम्ही थांबलो.

उत्तर : तळपाय हलकेच दाबल्याने कर्करोग पसरत नाही. या विषयावरचा एक चांगला अभ्यास स्तनाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात असलेल्या अमेरिकेतील 385 स्त्रियांवर झाला आणि 2012 साली प्रसिद्ध झाला. काहींना रिफ्लेक्सॉलॉजी मिळाली, काहींचे पाय ती न शिकलेल्या व्यक्तींनी साध्या रीतीने चोळले आणि काहींना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. रिफ्लेक्सॉलॉजी मिळालेल्या स्त्रियांचा धाप लागण्याचा त्रास कमी झाला आणि रोजची कामे त्यांना अधिक जमू लागली, तर वेदना, मळमळ आणि चिंता यांत फरक दिसला नाही. थकवा मात्र साधे पाय चोळून घेतलेल्या गटात कमी झाला. म्हणजे आपण घरी जे करत होता त्याला या अभ्यासातून थोडा आधारच मिळतो.

सुरू करण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) फार कमी असतील तर जोराच्या दाबाने कातडीखाली रक्त साकळते. काही औषधांनी हातापायांच्या कातडीला लाली, सूज आणि सालपटे येतात, अशा वेळी घर्षण टाळायचे असते. आणि काही औषधांनी तळव्याची संवेदना बोथट होते, तेव्हा मधुमेहाबद्दल वर दिलेली काळजी येथेही घ्यावी लागते. ताप आला असेल त्या दिवशी पाय दाबण्यात वेळ न घालवता रुग्णालयाला कळवावे.

प्रश्न : पाय यंत्राच्या पाण्यात ठेवले की शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडून पाणी तपकिरी होते. हे मी स्वतः पाहिले आहे.

उत्तर : पाणी तपकिरी होते ते यंत्रातील धातूच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात वीजप्रवाहाने गंजल्यामुळे. पाय न बुडवता यंत्र चालू करून पाहा, पाणी तसेच होईल. शरीराला नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. रात्री एकमेकांचे पाय दाबावेत असा विचार आहे. त्यासाठी तक्ता शिकावा लागेल का? आणि कधी थेरपिस्टकडे जायचे झाले तर निवड कशी करावी?

उत्तर : तक्ता भिंतीवर लावायचा असेल तर जरूर लावा, पाय दाबण्यासाठी तो लागत नाही. दाबणाऱ्याची नखे कापलेली असावीत. दाबून घेणाऱ्याच्या गुडघ्याखाली उशी द्यावी. दोन्ही हातांनी पाऊल काही क्षण नुसते धरून सुरुवात करावी, मग घोटा सावकाश फिरवावा, टाचेपासून बोटांकडे अंगठ्याने पुढे सरकत जावे आणि प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत चिमटीत धरून हलकेच ओढावे. एका पायाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ‘दुखले तरच गुण येतो’ ही समजूत सोडून द्यावी, कारण दुखले की स्नायू आखडतात आणि विसाव्याचा हेतूच फसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायात अलीकडे अस्थिभंग झाला असेल, गाउटने सांधा लाल झाला असेल, जखम, बुरशी वा फुगलेल्या शिरा असतील, तर त्या जागा टाळाव्यात आणि शंका असेल तेथे डॉक्टरांना विचारावे.

थेरपिस्टची पारख करायला पहिल्या भेटीतली पहिली पाच मिनिटे बहुधा पुरतात. चांगला थेरपिस्ट पायाला हात लावण्यापूर्वी आपले आजार, औषधे आणि शस्त्रक्रिया विचारतो, दाब किती हवा ते आपल्यावर सोपवतो आणि आजाराचे निदान करत नाही. डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगणारा, ठरावीक बैठकांत आजार मुळापासून घालवण्याची हमी देणारा किंवा पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारा असेल, तर तेथून उठून यावे.

घरी तेल वापरणार असाल तर उठण्यापूर्वी तळवे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने नीट पुसाव्यात. आपल्या वयात तेलकट पायांनी गुळगुळीत फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडण्याची भीती इतर कोणत्याही दुष्परिणामापेक्षा मोठी आहे.